एवढा एक त

दांडिया बाजारात, बँकेच्या वरच्या हॉलमध्ये
तालमी रात्री साडेआठला.
खाली शटर पडलं की वर अंक दुसरा.
मी विंगेत, स्टुलावर. मांडीवर वही, हातात बॅटरी.
तेवीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं
हलक्या आवाजात पुरवते आहे.

नाटक साधं आहे. एक बाप, रंगाचा कारखाना,
रात्री नदीत सोडलेलं पाणी.
मग मुलगी येते आणि विचारते.
शेवटी बापाच्या वाट्याला तीनच शब्द:
सही माझीच आहे.

बाप म्हणजे पारसनीस काका, वय एकोणऐंशी.
आयुष्य रंगांच्याच कंपनीत गेलं, प्रयोगशाळेत.
नखांच्या मुळाशी अजून निळं आहे, असं हसून दाखवतात.
तिन्ही अंक पाठ. स्वगतं पाठ.
समोरच्याचीसुद्धा वाक्यं पाठ.
त्या तीन शब्दांपाशी आले की चष्मा पुसतात
आणि माझ्याकडे बघतात.
मी देते. ते म्हणतात.

मुलगी मिहिका घोरपडे, बावीस.
वहीत आहे, "आपण नदी विकलीत, बाबा."
ती म्हणते, "आपण नदी विकली, बाबा."
त गाळते. रोज.
दोनदा टोकलं तेव्हा म्हणाली, "मुद्दाम, मावशी.
हिचंही कॉलेज त्याच पैशावर झालं ना?
मग विकलीत म्हणताना ही उभी कुठे राहणार,
नदीच्या कुठल्या काठावर?"

काका चिडले.
"विकलीत म्हटलं की मला राग येतो.
रागावर माझं पुढचं वाक्य आहे.
विकली म्हटल्यावर काय करू? नुसता बघत राहू?"
नंतर बशीत चहा ओतताना, बशीलाच सांगितल्यासारखं:
"वरून चिठ्ठी यायची. खाली सही करायची.
हशे, चालशे.
चार माणसं घरात खाणारी होती.
हिला काय जातंय आपण म्हणायला?
आपण म्हटलं की सगळ्यांत वाटून जातं,
वाट्याला येतं चिमूटभर."

तेही खरं वाटलं मला.
मला दोघांचंही खरं वाटतं, तोच माझा धंदा.
मिहिका स्कूटरवरून गेली. बाबांनी घेऊन दिलेली, नवी.
बाबा कुठे असतात ते तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

मी विश्वामित्रीच्या पुलावरून चालत घरी जाते.
खाली मगरी असतात. अंधारात दिसत नाहीत,
पण असतात.
सत्त्याण्णव साली, वॉर्ड ऑफिसात,
एका वस्तीच्या पाण्याचा नमुना आला होता.
म्हणजे बाटली आली होती. रिकामी, वर चिठ्ठी डकवलेली.
मी "पिण्यास योग्य" लिहिलं.
साहेब म्हणाले म्हणून. पाच वाजले होते म्हणून.
पुढे काय झालं, माहीत नाही.
माहीत करून घेतलं नाही,
असं वहीत असायला हवं.

प्रयोगाला निम्म्या खुर्च्या भरल्या.
मिहिका म्हणाली, विकली.
काका थांबले. चष्मा काढला. पुसला.
माझ्याकडे बघितलं.
मी बॅटरी विझवली. वहीची गरज नव्हती.
"सही माझीच आहे."

आवाज किती लावायचा, ते तेवीस वर्षांत पहिल्यांदा चुकलं.
तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी मान वळवली, थेट विंगेकडे.
मिहिकासुद्धा वळली. बापाकडे नाही, इकडे.
काकांनी ते वाक्य म्हटलंच नाही मग.
कशाला म्हणतील? म्हणून झालं होतं.
पडदा.

रंग पुसताना ते आरशातूनच बोलले,
"एवढ्या मोठ्यानं कशाला गं?
आठवत होतं मला.
रोजच आठवायचं."

मिहिका शेजारी बसून पिना काढत होती.
एक पिन ओठांत तशीच राहिली.

उद्या दुसरा प्रयोग.
मी वही उघडली आणि अंक दुसऱ्यातला
त खोडला.
पेननं नाही,
पेन्सिलीनं.