फक्की

रोज सकाळी कोर्टाला पाणी मारतो,
रूळ फिरवतो,
दोन खिळ्यांत सुतळी ताणून फक्की मारतो.
छत्तीस वर्षं. क्लबच्या वहीत मी मार्कर,
पोरांचा भरमामामा.

प्रचिती किणेकर आली तेव्हा नऊ वर्षांची.
बाप उद्यमबागेत फौंड्रीत,
शिफ्ट सुटली की सायकलवरून थेट इथं,
जाळीला काळी बोटं अडकवून उभा.
रॅकेट कुण्या डॉक्टरच्या पोराची, जुनी,
मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
बॉल मात्र असा मारायची
की व्हरांड्यात रमी खेळणारे पान टाकायचं विसरत.

दहाखालची, बाराखालची, चौदाखालची.
वय इथं खालून मोजतात.

चौदाखालची सेमीफायनल. समोर हुबळीची सहना हिरेमठ.
तिसरा सेट, पाच-सहा, तीस-चाळीस.
ज्युनियरच्या मॅचला अंपायर नसतो,
आपल्या बाजूचा बॉल आपणच सांगायचा.
सहनाचा बॉल मागच्या रेघेवर उठला.
प्रचिती गेली, वाकली,
लाल मातीवरची खूण बघितली.
किती वेळ बघत होती.
मग तळवा खाली करून म्हणाली, आत.

मॅच गेली.
बाप घरापर्यंत सायकल हातात धरून चालत गेला, पोरगी मागून.
गेटपाशी एवढंच म्हणाला,
'बाहेर म्हणाली असतीस तर कुणाला कळूलालं होतं?'

मला कळलं होतं.
त्या दिवशी पहाटे खिळा ढिला झाला होता,
सुतळी पोटात फुगली,
रेघ दोन बोटं बाहेर सरकली.
सातलाच दिसलं. म्हटलं, चहा पिऊन परत मारू.
तोवर रेफरी खुर्ची टाकून बसले.
मी गप्प.
रेघ दोन बोटं सरकली की कुणाचं काय पलीकडे जातं,
हे ह्या मुलखात कुणी शिकवायला लागत नाही.
तरी मी गप्प.

मग सोळाखालची: दावणगेरे, म्हैसूर, एकदा हैदराबाद,
रात्रीची बस, डब्यात चपाती-चटणी,
पहिल्याच फेरीत हरून दुपारची बस.
गुडघा सुजला. बापानं ओव्हरटाइम धरला.
यादीत नंबर दोनशे एकोणीस,
मग दोनशे चाळीस.
अठरा भरली आणि यादीनं नाव सोडलं,
भांड्यावरची कल्हई उडावी तसं, आवाज न करता.

धारवाडला कॉलेज मिळालं. बी.कॉम., खेळाच्या कोट्यातून.
हॉस्टेलच्या खोलीत तिघी.
सप्टेंबरात फोन आला.
'मामा, हरले.'
आणि हसूलाली होती.
'मग हसूलालीस कशाला गं?'
'टीम जिंकली की!
मागं पाच जणी ओरडूलाल्या होत्या, बिडब्याडा, बिडब्याडा,
माझा तर घसाच बसला.
आणि डबल्सला जोडीला कोण, सांगू? सहना.'

इतकी वर्षं मी हरलेली पोरं बघितली.
नळाखाली तोंड धुणारी,
रॅकेट आपटणारी,
आईच्या पदरामागं जाणारी.
हरून हसणारी बघितली नव्हती.
फोन ठेवला तरी कितीतरी वेळ
कान गरम होता.

दिवाळीला आली. गुडघ्याला पट्टा,
हातात धारवाडच्या पेढ्याचा बॉक्स.
पहाटेची वेळ, कोर्ट ओलं, कुणी नाही.
मी सांगून टाकलं.
खिळा, सुतळी, दोन बोटं, चहा.

'माहीत होतं की.'
'कधीपासून?'
'तेव्हाच. बॉल बघायला वाकले तेव्हाच रेघ वाकडी दिसली.'
'मग बोलली का नाहीस?'
तिनं बूट झटकला, माती पडली.
'दोघींना तीच रेघ होती, मामा.'
थोडं थांबून, 'राग आलता. तुमचा. वर्षभर.'

मला काही सुचेना. पेढा खाल्ला.
ती तोवर पलीकडे गेली होती,
सुतळीचं टोक उचलून खिळ्याजवळ उकिडवी.
तिथनंच ओरडली,
'ढिली हाय. ओढा की!'