ही बाजू वर

घाटग्यांचा फ्रीज दुसऱ्या मजल्यावर चढला
आणि खोका राहिला आमच्या दारात, बोळ अडवून.
भंगारवाला किलोवर मागत होता.
स्वरांजली आत जाऊन बसली ती बाहेर येईना.
"पप्पा, ह्याची खुर्ची करून द्या."
उद्या, म्हटलं. गिऱ्हाइकाला सांगतो तसं.

मी सुतार. गंगावेशीत बापापासूनचं दुकान.
सागवान बघितलंय, शिसव बघितलंय,
बाभळीनं तर दोनदा पटाशीची धार खाल्ली.
पुठ्ठा मी आजवर फक्त
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली
घडी करून सारलाय.

बाई, तुला फणसाचा पाट करतो, चांगला.
"नको. लाकडाचं लागतं."

मग रविवारी, लाईट गेलेली, मशीन गप्प,
खोका उसवून जमिनीवर पसरला.
करवत त्याला नुसतं चघळायची.
पटाशी रुतायची.
शेवटी झेरॉक्सवाल्याचा कटर मागून आणला,
तो देताना हसला, ते मी बघितलं नाही.

पहिली खुर्ची बसली.
म्हणजे पोरगी नाही, खुर्चीच बसली.

दुसरीच्या वेळी कापलेली कड डोळ्याजवळ धरली:
दोन कागदांच्या मधून तिसरा कागद
लाटालाटांनी चाललेला,
पन्हाळी पत्र्यासारखा.
म्हणजे ह्यालाही नस आहे.
आडवी धरली की लवतो,
उभी धरली की उभा राहतो.
हे कळायला तीस वर्षांत
एक फ्रीज यावा लागला, तोही दुसऱ्याचा.

खिळा नाही, स्क्रू नाही, सरससुद्धा नाही.
खाचेत खाच,
बाप देव्हाऱ्याला घालायचा ती,
जिचे पैसे आता कुणी मोजत नाही.

पाठीवर छापील तसंच राहिलं:
वर बघणारे दोन बाण, एक छत्री, एक काचेचा पेला.
तिनं छत्रीला मिशा काढल्या.
पेल्यात दूध भरलं, खडूनं.

उरल्यासुरल्यातून एक म्हैस झाली,
शिंगं जरा जास्तच.
अय्याजचा धाकटा लगेच घेऊन गेला,
म्हणाला, कट्ट्यावर बांधतो, धारोष्ण विकतो.
अजून परत आणली नाही.

रात्री सगळी झोपल्यावर
दिवा न लावता मी बसून बघितलं.
ब्याऐंशी किलो.
आधी पायाच्या अंगठ्यांवर भार, मग हळूहळू सगळा.
कुरकुरली. पण पेललं.
माझ्या हाताखालचं एखादं कपाटसुद्धा
असं श्वास धरून मी कधी तपासलं नव्हतं.
तेवढ्यात शिंक आली.

सकाळी बैठकीला खड्डा.
ती काहीच बोलली नाही.
संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर
बाणांच्या खाली, हिरव्या स्केचपेननं:
मोठ्या माणसांनी बसू नये.
आणि त्याखाली, जागा संपत आल्यामुळं बारीक:
विचारून बसावे.

विचारलं.

वहीतून मान वर न काढता,
उद्या, म्हणाली.