देण्यात येईल

तहसीलदार कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
पानाला दोन रुपये, अर्ज भरायचे वीस,
आणि निवडणूक लागली की
वाचून दाखवायचं फुकट.
जाहीरनामे येतात बेंगळुरूहून, कानडीत,
जोंधळा सांडावा तशी गोल गोल अक्षरं.
मी सातवीपर्यंत मराठीत शिकलो, पुढं कानडीत,
म्हणून खानापुरातला अर्धा दुभाष्या,
अर्धा म्हणजे दोन्हीकडं उणा.

प्रत्येक ओळ शेवटी एकाच शब्दावर येऊन टेकते:
नीडलागुवुदु.
मी म्हणतो, देण्यात येईल.

यल्लुबाई बाकावर, नंदगडच्या बाजाराची पिशवी मांडीवर.
"वाचूलास ते ठीक, पण देणार कोण?
आमच्यात देणाऱ्याचं नाव आधी लागतं.
आहेराची वही बघ:
पितळी तांब्या एक, कलाप्पा, तोपिनकट्टी.
बिननावाचा तांब्या आला
तर आम्ही शेजारी विचारत फिरतो,
चुकून आला काय म्हणून."

पुढची ओळ. बायकांना बस फुकट, चालूच ठेवण्यात येईल.
जंगलाकडची एक हसली,
"आमच्या फाट्यावर साडेसहाला येते, रात्री आठाला परत.
मधे दिवसभर फुकट काय करू?"
पण गंगव्वा गप्प होती ती एकदम बोलली,
"मी लोंढ्याला लेकीकडं पाचदा जाऊन आले.
तिकिटाला पैसे मागायला लागले नाहीत ह्यांच्याकडं.
माझं मत ठरलं. तुम्ही हसा."
कोणी हसलं नाही.

शब्बीर नदाफ वीजबिलाचा कागद घेऊन उभा.
दोनशे युनिट माफ, घरगुती.
"गाद्या मी घरातच भरतो, कापूस पिंजायचं यंत्र घरात,
झोपतो त्याच खोलीत.
कापूस नाकात जातो तो घरगुती की धंद्याचा?"
मी पान पुढंमागं केलं.
इतकं बारीक कोणी लिहीत नाही.

इनास फर्नांडिसनं एवढंच विचारलं,
"कौलांचं काय?"
भट्टी बंद पडून अकरा वर्षं,
तरी त्याच्या नखांत लाल माती आहे असं मला वाटतं.
घरकुलांचं दीड पान होतं. सगळी स्लॅबची.
"बरं," म्हणाला, आणि माझ्या दुकानाच्या छपराकडं बघून
"तिसऱ्या ओळीतलं एक फुटलंय," म्हणाला.

मग रुक्माण्णा.
सीमेसाठी तरुणपणी तीन महिने आत होता,
दर निवडणुकीला एकच प्रश्न, उभ्यानंच.
मी तिन्ही पक्षांचे तिन्ही कागद चाळले.
"नाही, अण्णा."
"चालतंय. लिहिलं नाही
म्हणजे खोटं तरी लिहिलं नाही."
त्याची नात सायकल धरून पायरीखाली थांबलेली,
तिला अकरावीला विज्ञान घ्यायचंय, बेळगावात.
"आजा, मुलींच्या वसतिगृहाचं विचार की.
ते कुठल्या राज्यात असेल
ते तू मागनं ठरव."
म्हातारा तिच्याकडं बघत राहिला.
मग मला म्हणाला, "विचारूलीय ती. बघ."
होतं. पान नऊ. प्रत्येक तालुक्यात एक.
देण्यात येईल.

दुपारी लाईट गेली, माणसं पांगली.
संध्याकाळी यल्लुबाई परत.
"त्या कागदाची एक कॉपी काढ.
ह्या बाजूला कोरी जागा सोड, चार बोटं."
"कशाला?"
"दारात येतील तेव्हा पेन देणार हातात.
ओळीसमोर नाव घालायचं ज्याचं त्यानं.
नसेल घालायचं तर चहा पिऊन जायचं,
चहाला आम्ही कुणाला नाही म्हणत नाही."

समास मोठा ठेवून मी कॉपी काढली.
गरम कागद तिनं पदरानं धरला,
काउंटरवर दोन रुपये ठेवले.
राहू दे म्हटलं, तर डोळे वटारले.
"लिहून ठेव,
दोन रुपये, यल्लुबाई, गर्लगुंजी.
दिले."