वीस सेकंद

तीन आठवडे आधीच मी दंडात फ्लूची लस टोचून घेतली,
लेक चार्ल्सच्या दवाखान्यात, रांगेत पहिली.
क्लोटील म्हणाली, "फिरायला निघालीस की लढाईला?"
तिच्या बॅगेत दोन लाल झगे, एक टोपी, पत्त्यांचा कॅट.
माझ्या बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्या, वारांप्रमाणे खणाखणांत,
आणि त्याच गोळ्या पुन्हा पर्समध्ये;
बॅग हरवली म्हणून रक्तदाब थोडाच हरवतो?
आल्याच्या वड्या, खारी बिस्किटं,
बोट लागू नये म्हणून कानामागे चिकटवायची पट्टी,
डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्या दोन प्रती.

गॅल्व्हस्टनचा धक्का मागे सरला
आणि मी हात धुऊन तिच्या मागे लागले,
म्हणजे अगदी शब्दशः.
लिफ्टचं बटण दाबलंस? धू.
जिन्याचा कठडा धरलास? धू.
बुफेतला तो डाव, अख्ख्या जहाजानं हाताळलेला,
धू, बाई, धू.
"किती वेळ?"
"वीस सेकंद. आपली नऊ भावंडं म्हण, थोरल्यापासून, सावकाश."
ती तिसऱ्या नावालाच हात झटकायची.
झेनॉनपर्यंत तिला पोचायचंच नसायचं.
बाबांची कोळंबीची होडी त्यानं परस्पर विकली
तेव्हापासून तिनं त्याला पाण्यात पाहिलं,
तो गेला, तरी पाहतच राहिली.

मी सात मजले पायी चढायचे,
उन्हात टोपी, तासातासाला पाणी, दहाला दिवा बंद.
ती मध्यरात्री लोण्यातली कोळंबी खाऊन
कुणा निवृत्त टपालवाल्याशी नाचून यायची.

आणि तिसऱ्या रात्री, कोझुमेलच्या अलीकडे,
आडवं कोण झालं?
मी.
पोट असं ढवळलं की समुद्र त्यापुढे शांत वाटावा.
इलोइलोची नर्स मारिसेल आली, ताप पाहिला, म्हणाली,
"दोन दिवस खोलीतच. मीठ-साखरेचं पाणी, घोट घोट."
"पण मी तर सगळं केलं होतं!"
"होतं, मॅडम. सगळं करूनही होतं."

क्लोटीलनं लाल झगा परत खुंटीला टांगला.
कोझुमेल तिनं गोल खिडकीतूनच पाहिलं,
एक निळी पट्टी आणि कुणाचं तरी छत.
टपालवाल्याचा फोन आला, तिनं उचलला नाही.
दर पंधरा मिनिटांनी दोन चमचे माझ्या तोंडात,
आणि त्याआधी, त्यानंतर,
न्हाणीघराच्या दाराआड नळ.

मी डोळे मिटून ऐकत होते.
ओव्हीद. अल्सीद. फिलोमेन.
(इथे नळ बंद होणार.)
तेओजेन. अझेली.
मग नुसतंच पाणी,
बराच वेळ नुसतंच पाणी.
झेनॉन, ती म्हणाली.
मग स्वतःचं नाव, मग माझं, मग धाकट्या रेमीचं,
आणि पुन्हा, हळू, झेनॉन.

वीस सेकंद कधीच उलटून गेले होते.
मी मोजत होते, सवयीनं.
बोलले नाही.
ओल्या हातानं तिनं माझी मान उचलली,
चमचा ओठांशी धरला.
"पी," म्हणाली, "सांडू नकोस."