कानाडोळा

किसाबुरो आजोबांना ऐकू येत नव्हतं.
चाळीस वर्षं वखारीत, पट्ट्याच्या करवतीपाशी.
कान तिथंच राहिले, म्हणायचे,
जणू छत्री विसरून आलेत.

म्हणून मी. वय अकरा.
शाळा सुटली की दप्तर दारात, मोजे ओले,
आणि त्यांच्या शेजारी चटईवर
गुडघे मुडपून बसायचं, कान लावून.

काम सोपं होतं.
खाचेत पट्टी घट्ट बसली की टक् होतं,
नुसतीच बसली तर होत नाही.
टक् झालं की मान हलवायची.
तसं त्यांचा अंगठाही सांगायचा त्यांना,
पण सत्तरीनंतर बोटं खुशमस्करी होतात, म्हणायचे,
मालकाला आवडेल तेच बोलतात.

त्या हिवाळ्यात मितामुरांकडे मूल व्हायचं होतं.
बाळाच्या खोलीसाठी त्यांनी कंदील सांगितला,
चौकोनी, हातभर उंच,
चारी अंगांना आसानोहा, भांगेचं पान.
भांग सरळ वाढते, भराभर वाढते,
म्हणून आमच्या किसोत बाळाच्या झबल्यावरही तेच पान.
एका अंगाला चौपन्न त्रिकोण.
प्रत्येकात तीन पाती, आणि मधोमध किल्ली,
तांदळाच्या दाण्याएवढी.
ती आत गेली की बाकीची एकमेकांना धरून बसतात.
खिळा नाही. सरसाचा ठिपका नाही.

रंधा ते स्वतःकडे ओढत.
(आम्ही सगळेच ओढतो. ढकलणारे सुतार
मी पुढं फक्त चित्रात पाहिले.)
हिनोकीची ढलपी त्यांच्या पोटापाशी येऊन वळायची,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
आणि खोलीला वास
नुकत्याच भरलेल्या न्हाणीच्या टबाचा.

टक्. मान.
टक्. मान.
बाहेर छपरावरनं बर्फ घसरायचा, धप्प,
त्यालाही मान हलवावीशी वाटायची.

तिसऱ्या अंगाच्या एकेचाळिसाव्या त्रिकोणात
टक् झालं नाही.

अंधारलं होतं. स्वयंपाकघरात मुळा शिजत होता.
पायांना मुंग्या आलेल्या.
ते माझ्याकडे बघत होते, अंगठा अजून लाकडावर.

मी मान हलवली.

त्यांनी पुढची पट्टी उचलली.

पुढं मीही हेच शिकले, कानाला खडा लावून.
आवाज न झालेली एकही खाच
माझ्या हातून उंबऱ्याबाहेर गेली नाही.
शिकायला येणारी पोरं मला कंजूष म्हणतात,
किती लाकूड फेकता, म्हणतात.

मागच्या जूनमध्ये मिचिरू मितामुरा आली.
नागोयात बस चालवते आता, हात भक्कम आहेत.
कंदील गोधडीत गुंडाळून आणला होता.
कागद चहाच्या रंगाचा, एका बाजूला मांजराची नखं.
नवा कागद लावून द्याल?

ओल्या फडक्यानं भाताची खळ सैल केली,
कागद सोलला,
आणि उघडा सांगाडा उजेडाकडे धरला.
तिसरं अंग कुठलं, हे कंदिलाला माहीत नसतं.
चारी अंगांची एकेचाळिसावी किल्ली दाबून पाहिली.
चारही घट्ट.
एकीच्या बगलेत मात्र बारीक पिवळी रेघ.
ढलपीचा तुकडा, दुहेरी घडी करून सारलेला.

मी जेवायला गेले असेन तेव्हा.

मग भिंग घेतलं, उरलेलं सगळं पाहिलं.
तशा आणखी पाच घड्या सापडल्या,
जिथं टक् झालं होतं
(मी शपथेवर सांगते, झालं होतं)
तिथंही.

मग मला रोज तिथं बसवायचे कशाला?

सातव्या घडीसाठी पुन्हा एकदा शोधलं. नव्हती.
नवा कागद ताणून लावला, खळ वाळू दिली.

मिचिरूनं विचारलं, लाकडाचं काही काम निघालं का?
नाही म्हटलं. कागदाचेच पैसे घेतले.
तिची गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली,
आवाज बराच वेळ येत राहिला,
नदीच्या कडेनं,
मग नदीचाच.