हातचा

फोन म्हणतो, मिचेल ते कडोका : अडीच तास.
आर्डिथ म्हणते, पाच.
टेबलावर नकाशा, नकाशावर तिचा चष्मा,
चष्म्याखाली साउथ डकोटा जरा मोठा झालेला.

मी एकतीस वर्षं अठरा चाकं हाकली.
मँकेटो ते बॉइझी चौदाशे मैल,
हे मला कुणी शिकवायला नको.
दोन दिवस, म्हटलं. फार तर दोन आणि एक सकाळ.
तिनं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं
आणि लिहिलं : आठ.

आठ!
तेवढ्यात मी समुद्र गाठून परत आलो असतो.
(बघितला नसता म्हणा. माल उतरवून वळलो असतो.)

तिचा हिशेब असा :
हे तीस फुटी घर साठाच्या वर नेलं
की कपाटातल्या बश्या बोलायला लागतात.
वारा पश्चिमेचा, म्हणजे तोंडावर; तासामागे सात मैल त्याचे.
पेट्रोलला अर्धा तास, कारण तू पंपावर गप्पा छाटतोस.
कुत्र्याचे थांबे दोन.
तुझे चार. हे तिनं हळू सांगितलं.
जेवण बसून, स्टिअरिंगवर नाही.
आणि पोचायचं तीनला,
नळ कुठे, वायर कुठे, हे दिसतं तेव्हा.
"बेरीज बरोबर असते तुझी," ती म्हणाली,
"हातचा तेवढा विसरतोस."

पहिल्या वर्षी मी एका दिवसात सहाशे बारा मैल मारले.
ओगलालाला रात्री अकरा. मागे घेताना
खांबाला लागून मागची शिडी गेली.
अंधारात डब्यातूनच थंड बीन्स खाल्ल्या,
दोघांत एक चमचा, शब्द एकही नाही.
ते सहाशे बारा मी अजून सांगतो लोकांना.
शिडीचं सांगत नाही.

तर आज.
मर्डो मागे पडलं आणि थोड्या वेळानं
रस्त्याकडेची पाटी म्हणाली, घड्याळ एक तास मागे घ्या.
मला सुचलंच : फुकटचा तास!
पंचावन्न मैल, सहज.
टाकीत पेट्रोल, वारा पडलेला, सूर्य डोक्यावर,
पाय आपणहून दाबायला लागला.
आर्डिथनं नकाशा उघडलासुद्धा नाही.
"तो रस्त्याचा नाही," म्हणाली. "आपला आहे."

कडोका. दुपारचे दोन.
तळाचा मालक ऑरिन, त्यानं जागा दाखवली,
आठ मिनिटांत नळ, वायर, चाकांखाली लाकडं,
आणि मी उभा, हात रिकामे.
करायचं काय या उजेडाचं?
दुपार ही मी जन्मभर आरशातून पाहिलेली वस्तू,
मागे पळणारी.

शेजारच्या गाडीतला मॅनिटोबाचा माणूस
रोज सातशे करतो म्हणाला. किलोमीटर.
मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

आर्डिथनं बादलीत केस धुतले,
पायरीवर बसली, वाऱ्याकडे पाठ करून.
ओले असताना करडे, वाळत जातात तसे पांढरे.
हे रोज व्हायचं का?
मी डेन्व्हरला, मी टल्साला,
जॅनेल पहिलं पाऊल टाकली तेव्हा मी अल्बुकर्कीच्या धक्क्यावर,
टायर मोजत.
केस वाळायला पाऊण तास लागतो.
कुठल्या वहीत हे लिहिलेलं नव्हतं.

रात्री ती झोपल्यावर वही काढली.
उद्या : सनडान्स, १७०.
चांगला आकडा. तिचाच.
मी खोडला. स्पिअरफिश लिहिलं, १३८.
सकाळी ओळखेल ती, माझा सात नि माझा आठ
दोघेही रस्त्यासारखे पुढे झुकलेले असतात.
खोडरबराचा चुरा फुंकरला,
तर कुत्रा उठला,
दाराशी जाऊन उभा राहिला.
त्याचा हा तिसरा थांबा.
तिनं धरला नव्हता.