अकरा किलो बटला

गुरुवारी रात्री पावणेदहाला फोन आला.
शुक्रवारी सकाळी सहाला बटला.

बाकी सगळ्यांना कळवलं होतं,
हॉलवाल्याला, गुरुजींना, फुलांच्या माणसाला,
देवासच्या आत्येसासूबाईंना दोनदा, त्यांना ऐकू कमी येतं.
भाजीवाला तेवढा राहिला.
चोइथराम मंडीतून पहाटेच निघालेला रामदीन कुशवाह,
मफलर कानांवर, लोडिंग रिक्षा दारात,
"बधाई हो साहब" म्हणत पोती उतरवत गेला
आणि आम्ही दोघं ती धरत गेलो.

अकरा किलो बटला, चौदा फ्लॉवर,
मेथीच्या पंचवीस जुड्या, मुळांना ओली काळी माती.
(तिकडची माणसं मटार म्हणाली असती.
म्हणोत आता पुण्यात काय म्हणायचं ते.)
परत घेऊन जा म्हणायला यांनी तोंड उघडलं,
तर तो म्हणाला, "तौल लो, पाव भर ज़्यादा ही निकलेगा."

न बोलता एवढंच ठरलं: पुलाव करायचा नाही.
पुलाव मेन्यूत होता.
फ्लॉवरचा रस्साही. मेथीची भजीही.
म्हणजे मला चांगलं येतं ते सगळं बाद.

मग भुट्ट्याचा करतात तसा बटल्याचा कीस.
भरड वाटला, दूध घातलं, हिंगाच्या फोडणीत हलवत बसले,
मनात दुसरंच काही, खाली लागला.
खरवडच काय ती चांगली झाली. खरवडच खाल्ली.

मग बर्फी. सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा रंग आला तिला.
हे म्हणाले, "वाईट नाही,"
आणि दुसरा तुकडा घेतला नाही.

फ्लॉवरचे दांडे मात्र मोहरी फेसून बरणीत घातले
आणि तिसऱ्या दिवशी चाखले, तर काय सांगू,
अठ्ठावीस वर्षं मी ते गायीला घालत होते.

ऋजुता परातीशी बसून सोलत होती.
सुदामा नगरातली सगळी दुपार त्या टपटपीची.
हातावर गुरुवारची मेंदी, छान रंगलेली,
अंगठ्याचं नख हिरवंगार.
तिला विचारावं असं माझ्याकडे काही नव्हतं.
सोललेलं मी उचलत होते, सालं पिशवीत भरत होते.

"सालं टाकू नकोस," ती म्हणाली.

रविवार होता. गुरुवारनंतरचं हे पहिलं वाक्य.
तिनं एक साल उलटं मोडलं, कडेनं नख घातलं,
आणि आतला पापुद्रा ओढून काढला,
सबंध, न फाटता, ओल्या पतंगाच्या कागदासारखा.
"हा काढला की खाता येतं. हाच तेवढा चिवट असतो."
कुणी शिकवलं हे? "कुणी नाही. बसल्या बसल्या."

संध्याकाळपर्यंत काढत राहिली. मीही बसले.
माझे फाटत होते, तिचे नाही.
मग लोखंडी कढई, तेल थोडं, लसूण ठेचून,
मेथी मूठभर, सालं, आच मोठी,
उतरवताना जीरावण, माझ्या हिशेबानं जरा जास्तच.
कढईतूनच खाल्लं, उभ्यानं, तिघांनी.
हे पोळी आणायला वळले, येईपर्यंत संपलं होतं.

एक वाटी आधीच काढून ठेवली होती तिनं.
स्वतः नेऊन दिली शेजारी, पोरवाल भाभींना.
मी जिन्यात उभी, कान तिकडे.
भाभींनी वास घेतला, झाकण ठेवलं,
मेंदीचे हात पाहिले, आणि विचारलंच,
"कुछ शुभ काम था क्या, बेटा, घर में?"

"नहीं भाभी," ऋजुता म्हणाली,
"बटले सस्ते मिल गए थे."

मागे दारात हे उभे होते.
हंगामाचा पहिला माल, भाव न करता घेतलेला,
पावती अजून खिशात.
काही बोलले नाहीत.
खाली येऊन त्यांनी दुसऱ्या पोत्याची सुतळी सोडली
आणि परात पुढे ओढली.